महापालिकेला सांस्कृतिक खातं हवं, नुसता पुरातन वास्तू कक्ष पुरणार नाही

सातरस्ता
भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, क्रॉफर्ड मार्केट, राणीबाग, पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर, शिवाय रस्त्याकडेच्या दगडी प्याऊ, म्हणजे जुन्या पाणपोया. हे सगळं मुंबई महापालिकेचं. पण कारभार बघा. राणीबाग उद्यान खात्याकडे, मार्केट मंडई खात्याकडे, गाण्याचे वर्ग शिक्षण खात्याकडे आणि नाट्यगृहं जलतरण तलावांच्या जोडीला एकाच समन्वयकाच्या हाताखाली. पुरातन वास्तू जतन कक्ष आहे, त्यानं काही कामं खरोखर चांगली केलीत, पण तो दुरुस्तीचा कक्ष आहे. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. एवढ्या मोठ्या संस्थेत शहराच्या संस्कृतीचा एकत्र विचार करणारा एक माणूस नसावा, हे मला पटत नाही.

मला घाई वाटते ती गिरणगावामुळे. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. त्या दिवशी जो विशीत होता, तो आज साठी ओलांडून गेलाय. आमच्या शेजारचे काका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. अजून मोठ्यानं बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकतात, कारण साच्यांच्या आवाजात तसंच ऐकावं लागायचं. मागावरचा धागा नेणारा धोटा अडकला की नुसत्या आवाजावरून कळायचं, म्हणतात, आणि तो आवाज तोंडानं काढून दाखवतात. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होतंय, चांगलंच आहे. पण काकांचा हा आवाज टिपून ठेवणं अभियंत्याचं काम नाही. त्यासाठी वेगळी माणसं लागतात, आणि ती आत्ताच लागतात.

चुनखडी
तुमच्या तळमळीशी सहमत, उपायाशी नाही. तीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत घालवली आहेत. नवीन खातं म्हणजे फाइलवर आणखी एक सही.

पुरातन वास्तूंची नियमावली मुंबईत १९९५ साली आली, देशात सगळ्यात आधी. समिती राज्य सरकार नेमतं, ती पालिका आयुक्तांना सल्ला देते. ढाचा वाईट नाही. घोडं अडतं निविदेपाशी. कमीत कमी दराला काम द्यायचं म्हटलं की चुन्याचं काम जाणणारा गवंडी बाहेर पडतो. चुना भिजवून मुरवावा लागतो, घाई चालत नाही. घाई असलेला माणूस सिमेंट लावतो. मालाडचा किंवा पोरबंदरचा दगड असेल तर सिमेंटमागे ओल कोंडते आणि चार पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात. मी हातानं सोललेत ते.

उलट फ्लोरा फाउंटन बघा. १८६४ चं कारंजं. पालिकेनं जाणकार वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली वेळ देऊन काम केलं, २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्याच चौकात खोदताना ट्रामचे रूळ सापडले, तेही जपले. तिथं सांस्कृतिक खातं नव्हतं, काम जाणणारी माणसं होती. कक्षाला कायमचे संवर्धन अभियंते द्या आणि निविदेत कारागिराच्या अनुभवाला गुण द्या. बाकी आपोआप होईल.

दुसरा_माळा
दोघेही वरून बोलताय. मी आतून बोलते. आमची चाळ वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे. माझी आई ७८ वर्षांची, संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री एक हात कठड्यावर ठेवून जाते. रविवारी मुलंमुली येतात, कोरीव कठड्याचे फोटो काढतात, "किती सुंदर" म्हणतात. तोच कठडा पावसाळ्यात हलतो.

दुरुस्तीसाठी मी दोन कार्यालयांत सात महिने फिरले. एक म्हणे मालकाला सांगा, दुसरं म्हणे आधी तिकडची परवानगी आणा. मालक पागडीच्या नाममात्र भाड्यात काय करणार? वारसा वास्तूचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधायचा किंवा विकायचा बांधकाम हक्क, मिळतो तोही मालकाला. भाडेकरूच्या हातात फक्त यादीतलं नाव येतं.

काळा घोड्याची एस्प्लनेड मॅन्शन आठवा. जुनं वॉटसन्स हॉटेल, बिडाच्या सांगाड्याचं, १८९६ च्या ७ जुलैला लुमिएर बंधूंची चित्रफीत दाखवली ती जागा. २००५ मध्ये तिचा भाग कोसळून माणूस गेला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. इतका मोठा इतिहास असूनही आतल्या माणसांच्या काय उपयोगाला आला? आधी आमचं छप्पर, मग तुमचं खातं.

सातरस्ता
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं आणि ते बरोबरही आहे. यादीत नाव घालणारा आणि दुरुस्तीला पैसे देणारा वेगवेगळे, हीच तर माझी तक्रार आहे. श्रेणी देणाऱ्यानं त्याच दिवशी दुरुस्तीच्या निधीची सोय करावी, नाहीतर श्रेणी देऊ नये. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं.

विंगेतून
नाट्यगृहांबद्दल थोडं. मी प्रकाशयोजनेच्या टीममध्ये आहे. पालिकेच्या नाट्यगृहांचं भाडं परवडतं म्हणून आज व्यावसायिक नाटक उपनगरात जातं, हे आधी मान्य करूया. कुठलाही खासगी मालक त्या जागेवर मराठी नाटक ठेवणार नाही. पण तलाव आणि नाटक यांचं वेळापत्रक एकसारखं नसतं. तलाव दुरुस्तीला बंद केला तर पोहणारा दुसरीकडे जातो. नाट्यगृहाच्या तिमाही तारखा वाटून झाल्यावर ते बंद केलं तर पंधरा-वीस जणांची रोजी बुडते. खातं कुठलंही असू दे, निर्णय घेणाऱ्या खुर्चीत प्रयोग कसा लागतो हे माहीत असलेला माणूस हवा. एवढ्यापुरता मी सातरस्ता यांच्या बाजूनं.

नाखवीण
मी वरळी कोळीवाड्याची. सांस्कृतिक खातं झालं की काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. नारळी पौर्णिमेला स्टेज, लुगडी नेसलेल्या बायका, कोळीगीतं, पाहुण्यांचे सत्कार. आमची होडी समुद्रात कुठून जाणार, हे मात्र रस्त्याचं खातंच ठरवणार.

सागरी किनारा रस्त्याच्या वेळी हेच झालं. पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. वारा आणि पाण्याची ओढ असताना तेवढ्यातून होडी काढणं जिवावरचं काम. आमच्या लोकांनी समुद्रात होड्या लावून काम अडवलं, तेव्हा कुठे २०२२ च्या अखेरीस १२० मीटर मान्य झालं. ते अंतर आमची संस्कृती आहे. मासे सुकवायची मोकळी जागा आमची संस्कृती आहे. विकास आराखड्यात तिची हद्द नीट आखून द्या, गाणी आम्ही गातोच आहोत.

चुनखडी
नाखवीणबाईंचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार. वारसा नियमावली इमारतीची उंची आणि दर्शनी भाग बघते. मासे सुकवायच्या जागेला दर्शनी भाग नसतो, म्हणून ती कागदावर दिसतच नाही.

सातरस्ता
म्हणूनच म्हणतोय की खात्याला समारंभाचं काम देऊच नका. रस्ता, पूल, पुनर्विकास अशा प्रत्येक प्रकल्पाच्या फाइलवर त्याचं मत बंधनकारक करा. चुनखडी म्हणतील आणखी एक सही. असू दे. ही सही आधी असती तर होड्या आडव्या घालाव्या लागल्या नसत्या.

नाखवीण
सही कोणाची, यावर आहे. त्या खुर्चीमागच्या समितीत कोळीवाड्यातली माणसं असतील तर मी तुमच्यासोबत येते. नसतील तर नाही.

चुनखडी
या अटीवर माझाही विरोध मावळतो. थोडासा.

दुसरा माळा, तुमच्या कठड्याबद्दल. परवानगीची वाट बघत बसू नका, आधी एक तपासा. गॅलरीची तुळई भिंतीत जिथं शिरते, तिथं ओल असते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. लांब खिळा घ्या आणि त्या टोकाशी लाकडात दाबून बघा. बोटभर आत गेला तर त्या भागात कोणाला उभं राहू देऊ नका, आईंना तर मुळीच नाही. तात्पुरता टेकू त्याच दिवशी लावून घ्या.

दुसरा_माळा
आत्ता जाऊन बघितलं काका. आमच्या दारासमोर ठीक आहे. संडासाच्या बाजूच्या तुळईत खिळा पूर्ण आत गेला. टेकू कशाचा लावू, लाकडाचा की लोखंडाचा?

चुनखडी
लोखंडी जॅक, खाली जाड फळी टाकून. आणि खालच्या मजल्यावर त्याच रेषेत दुसरा, नाहीतर भार खालच्या गॅलरीवर येईल. आज रात्री आईंना एकटीला जाऊ देऊ नका. पत्ता निरोपात कळवा, सकाळी येतो.