पेणजवळ खाजणात कोळंबी: अनुदानाच्या भरवशावर उतरावं का?

खारपाटकर: आमची तीन एकर भातखाचरं. बाहेरकाठा (खाडीकडचा बांध) फुटल्यापासून भरतीचं पाणी आत येतं, भात संपलाच. काका म्हणतात कोळंबी करू, पंतप्रधान मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के मिळतात, आईच्या नावावर केलं तर ६०. कोणी केलंय का?

उघाडी: आकडे बरोबर आहेत, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पण आधी खर्च तुमचा, पैसे मागाहून. योजना २०२० ची, मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत आणली होती, तेव्हा आता काय स्थिती आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आजच विचारा. एक सांगा, जमिनीत तिवरं आलीत का?

खारपाटकर: एका कोपऱ्यात आलीत. जास्त नाहीत.

उघाडी: मग तो कोपरा सोडा. तिवरं म्हणजे कांदळवन, सातबारा तुमचा असला तरी ते तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भोवतालच्या ५० मीटरमध्येही बांधकाम नको म्हटलंय. तीन एकरातून किती उरतं ते आधी मोजा. मग चेन्नईच्या तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी, २००५ च्या कायद्याने सक्तीची. ती नसेल तर पुढचं बोलूच नका.

काउंट_तीस: मी पालघरला आठ वर्षं व्हन्नामी जातीची कोळंबी करतोय. अनुदान मिळालं, त्यातून एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) आले. पण दुसऱ्या वर्षी पहाटे वीज गेली, जनरेटर सुरू होईना, सकाळी अर्धं तळं पांढरं तरंगत होतं. त्यावर कुठली योजना काढणार? माझ्या मते सरकारची खरी मदत पैशात नाही, तपासणीत आहे. नोंदणीकृत हॅचरीचंच (पिल्लं तयार करणाऱ्या केंद्राचंच) बीज घ्या, रोगाच्या पीसीआर चाचणीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय पिल्लं तळ्यात सोडू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की थोड्याच दिवसांत सगळं आटोपतं. स्वस्त बीज विकणारा दलाल अहवाल "उद्या देतो" म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

वर्सोव्याची_पोर: मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत प्रशिक्षणं होतात, आधी एक करा. आणि कोळंबीच का? तुमच्याकडे जिताडा (खाडीतला मासा) पाळायची जुनी सवय आहे की. चेन्नईच्या निमखारे जलकृषी संस्थेचं संशोधन केंद्र नवसारीला आहे, तिथे जिताड्याच्या बीजाची चौकशी करा.

काउंट_तीस: ताई बरोबर बोलल्या. शिवाय कोळंबीच्या भावाचं काही खरं नाही. आपली कोळंबी बरीच वर्षं सगळ्यात जास्त अमेरिकेनं घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं. असं झालं की निर्यातदार तो भार आपल्याच भावावर टाकणार. जिताडा निदान पेणच्या बाजारात खपतो.

खारपाटकर: जिताड्याचं काकांना सांगितलं, ते लगेच खूश. आईचं म्हणणं, नाव तिचं तर हिशोबही तीच ठेवणार. सोमवारी मोजणीचा अर्ज टाकतोय.

उघाडी: मोजणीला तिवरांच्या कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट.