मदत हवी आहे : काबो व्हेर्दे की केप व्हर्डे?

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी मी अटलांटिकमधील या दहा बेटांच्या देशाचा परिचय लिहीत आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगिजांनी निर्जन बेटांवर केलेली वसाहत, गुलामांच्या व्यापारावर भरभराटीला आलेले सांतियागो बेटावरील रिबेरा ग्रांदे हे शहर, वारंवार पडलेले दुष्काळ, स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांची १९७३ मधील हत्या आणि ५ जुलै १९७५ रोजी मिळालेले स्वातंत्र्य, इतपत मजकूर तयार आहे.

अडचण नावांची आहे. २०१३ मध्ये तेथील सरकारने सर्व भाषांत देशाचे पोर्तुगीज नावच (Cabo Verde) वापरावे असे कळवले. पण ते देवनागरीत कसे लिहावे? (नावातील 'Verde' म्हणजे 'हिरवे' असले तरी बेटे बहुतांशी रखरखीत आहेत; ते नाव समोरच्या सेनेगलमधील भूशिरावरून आले.)

दुसरी शंका 'काशुपा'विषयी. मका आणि घेवड्यासारखी कडधान्ये तासन्‌तास शिजवून केलेला हा पदार्थ उरला, की आपण शिळ्या भाताला फोडणी देतो तसा सकाळी कांद्यावर परततात आणि वर अंडे घालतात. त्याला 'खिचडी' म्हणणे मला पटत नाही. गोव्यातील किंवा अन्यत्र पोर्तुगीज जाणणाऱ्या सदस्यांनी उच्चार आणि योग्य मराठी शब्द कृपया सुचवावेत.