इस्त्रीचा चटका आणि टाकीचं पाणी

चौधरी काकू, बी-३०२: रियाचा हात इस्त्रीने भाजला हो. हळदीला जायचंय म्हणून ड्रेसची घाई, त्यात एका हातात मोबाइल. लगेच नळाखाली धरला तर पाणीच चटके देणारं! दुपारचे दोन, जळगावचा मे, गच्चीवरची काळी टाकी. पोरगी आणखीच ओरडली. सध्या टूथपेस्ट लावलीय.

शैलाआक्का, ए-१०१: माय वं! कशी शे पोर आते? बटाटा किसीसन लाव.

डॉ. नेमाडे, ए-४०३: काकू, पेस्ट आधी धुऊन टाका. बटाटा, हळद, तूप काही नको, बर्फही नको. माठातलं पाणी तांब्याने हातावर सोडत राहा. वीस मिनिटं, घड्याळ लावून. बांगड्या, अंगठी काढल्या का? सूज आल्यावर निघणार नाहीत.

चौधरी काकू: अंगठी निघाली. कडं साबण लावून काढलं. माठ मात्र तळाला गेलाय.

शैलाआक्का: थांब, आमचा हंडा पाठवते नातवासोबत. तांब्या पण.

डॉ. नेमाडे: केवढं भाजलंय?

चौधरी काकू: रुपयाएवढं, मनगटाच्या वर. लाल आहे, फोड नाही.

डॉ. नेमाडे: आला तर फोडू नका, मला दाखवा. वरून स्वच्छ कापड सैल गुंडाळा. कापूस नको, चिकटतो. तळहाताएवढं भाजलं असतं किंवा चेहऱ्यावर, तर घरी थांबायचंच नाही, लगेच दवाखाना.

भंगाळे भाऊ, बी-१०२: सुती कपड्याच्या तीन ठिपक्यांवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते. लाल दिवा विझला म्हणजे गार झाली असं नसतं. आणि वायर इस्त्रीत शिरते तिथे बघा, पीळ पडून तिथेच चिरते. परवा एकाकडे तीन पिनांचा टॉप काढून दोन पिनांचा लावलेला दिसला. अर्थिंगच गायब! वर फरशी पुसून अनवाणी उभे. ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण महिन्यातून एकदा तरी दाबत जा, सगळ्यांनी.

पाटील सर, सी-२०१: त्यापेक्षा इस्त्री गेटवरच्या भाऊंकडे द्या की.

चौधरी काकू: पाच कपड्यांसाठी?

पाटील सर: त्यांच्यावरून आठवलं. पावसाळ्यात ते वॉचमनच्या केबिनमध्ये दार लावून कोळशाची इस्त्री पेटवतात. गेल्या वर्षी दोनदा डोकं धरून बसले होते. आपण चहा पाजला आणि विसरलो.

डॉ. नेमाडे: सर, हे तेव्हाच सांगायचं होतं. कोंडलेल्या जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ. पुढे माणूस बसल्याजागी बेशुद्ध. असं झालं तर चहा नाही, आधी माणसाला उघड्यावर आणायचं, मग १०८ ला फोन.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये जागा दिली तर बाकीचे बोंब मारतील.

भंगाळे भाऊ: मारू द्या. माझी स्कूटर मी जिन्याखाली लावतो. पार्किंगमधली माझी जागा तिन्ही बाजूंनी उघडी आहे, पाऊसही येत नाही.

सेक्रेटरी: बरं. जूनच्या आधी करू.

पाटील सर: कोणत्या जूनच्या?

सेक्रेटरी: 🙏 रविवारी.

चौधरी काकू: पंचवीस मिनिटं झाली. आग खूपच कमी आहे, रिया झोपली. हळदीला दुसरा ड्रेस, बिनइस्त्रीचा. आक्का, तांब्यावर 'सु. पा.' कोरलंय, तुमचाच ना?

शैलाआक्का: मन्हाच शे. राहू दे, सकायले लई जासू.