बिल बघून उतरली! – मुंबईतल्या पॉश बारचे अनुभव

गेल्या महिन्यात आम्ही शाळेतले तिघे भेटलो. एक ठाण्याचा, एक विरारचा, मी अजून दादरलाच. मधलं ठिकाण म्हणून लोअर परळ ठरलं. (मधलं कसलं डोंबलाचं! ठाणेकराचं ऑफिस तिथे आहे, म्हणून.) चार कॉकटेल झाली, दोन पिंट बिअर, अव्होकाडोचं काहीतरी, चिकनचं काहीतरी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. कॉकटेल ८९५ ला एक, पिंट ४७५, पाणी दीडशे, खाणं १,८४०. सगळं मिळून बिल आलं ७,९३०.

कॉकटेलच्या ग्लासाला संत्र्याची साल इवल्याशा लाकडी चिमट्याने अडकवली होती, गॅलरीत बनियन वाळत घालतात तशी. विरारकर म्हणाला, "तो चिमटा तरी घेऊन जातो." खरंच घेऊन गेला.

परतताना सारखं डोक्यात येत होतं की आपण नेमके कशाचे पैसे दिले? म्हणून हा धागा. तुमचे अनुभव येऊ द्यात. दोनच विनंत्या: हॉटेलांची नावं घेऊन बदनामी नको, आणि दारू वाईट असते हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशेबनीस

बिल दिसलं की मांडून बघायची खोड आहे, माफ करा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. बार-परमिट रूमला तो ५ टक्के होता, १ नोव्हेंबर २०२३ पासून १० झाला. तुमची दारू ४,५३० ची, म्हणजे व्हॅट ४५३. खाण्या-पाण्यावर ५ टक्के जीएसटी. इथवर सरकार.

पुढचे ६६७ रुपये 'सर्व्हिस चार्ज' म्हणून लागलेत, बरोबर? ते सरकारकडे जात नाहीत आणि तुमच्यावर बंधनकारकही नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच हे सांगितलं होतं. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. गंमत म्हणजे त्या ६६७ वरही तुमच्याकडून जीएसटी घेतलाय, ३३ रुपये आणि वर काही पैसे. काढायला सांगितलं असतंत तर सातशे वाचले असते. चिमट्यापेक्षा बरे.

पाण्याबद्दल मात्र भांडू नका. हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगून टाकलंय. साधं पाणी मागा, तेवढंच.

आणि २०२५ च्या जूनमध्ये राज्याने 'विदेशी मद्या'वरचं (म्हणजे इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हापासून मुळातली बाटलीच महाग आहे. त्याच्या विरोधात १४ जुलैला बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला होता. आठच दिवसांपूर्वी आषाढीचा ड्राय डे होऊन गेलेला. आमच्या ऑफिसात त्या सोमवारी सुतकी कळा होती.

बर्फवाला

मी कुडाळचा. सहा वर्षं वांद्र्यापासून लोअर परळपर्यंत तीन ठिकाणी काउंटरमागे होतो, आता गावी स्वतःचं छोटं हॉटेल आहे. त्यामुळे बोलायला मोकळा.

७५० मिलीच्या बाटलीत तीसचे पंचवीस पेग बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कॉकटेलमध्ये साठ घातलं तर साडेबारा. बाटली चोवीसशेची धरली तर एका ग्लासात १९२ रुपयांची दारू जाते. त्यात लिंबू, सिरप, तो चिमटा धरा, अडीचशेच्या आत. तुम्ही दिलेत ८९५. मधलं कुठे गेलं? तर बरंचसं मालक आणि त्याचा घरमालक यांच्यात. आमच्या मॅनेजरचं एक वाक्य होतं, "ग्राहक दारू पीत नाही, खुर्ची पितो." म्हणजे एका खुर्चीतून संध्याकाळी किती निघालं पाहिजे हे आधी ठरतं, मेनूवरचे आकडे मागाहून. दोन तास एकच बिअर घेऊन बसणाऱ्या टेबलाकडे मला दर दहा मिनिटांनी पाठवायचे, "सर, रिपीट?" विचारायला. आपल्याच वयाच्या पोरांना असं उठवल्यासारखं करायला मला लाज वाटायची.

एक सांगतो, मोठा चौकोनी नितळ बर्फ बघून नाकं मुरडू नका. तो पुडीतल्या बर्फासारखा भसकन विरघळत नाही, ड्रिंक पाणचट होत नाही. त्याचे पैसे मी देईन. काचेच्या घुमटात धूर कोंडून ड्रिंक आणतात, त्याचे देणार नाही.

हॅपी अवर्समधलं 'एकावर एक' घ्याल तेव्हा दोन्ही ग्लास एकदम आणू नका म्हणून आधी सांगा. आम्हाला एकदमच ठेवायची सूचना असायची. दुसऱ्यातला बर्फ वितळेपर्यंत तुम्ही पहिला घाईत संपवता आणि सातच्या आत तिसरा मागवता.

लाल डब्बा

मोजून दोन ओळी. मी पीत नाही. अंधेरीत मित्राच्या वाढदिवसाला काचेच्या घुमटात धूर कोंडून कोकम सरबत आणलं, ६५० रुपये. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "धूर कशाला, जळलं होतं का?"

टीटीएमएम

वरच्या लाल डब्ब्याशी सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. न पिणाऱ्यांच्या खिशावर पडणारा दरोडा! आम्ही अकराजण होतो. मी एक लिंबाचं पेय आणि फ्राइज घेतले, सातशेच्या आसपास. बिल आल्यावर एकाने मोबाइल काढला, अकराने भागलं आणि म्हणाला, "प्रत्येकी २,४००, सोपं पडतं." त्याला सोपं पडलं, कारण त्याने सिंगल मॉल्टचे चार घेतले होते. मला "अरे, पण मी…" एवढंही म्हणता आलं नाही. मराठी माणूस भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी अर्धा तास घालेल, पण मित्रांत पैशाचं बोलायचं म्हटलं की दातखीळ.

हल्ली मी बसल्याबसल्या वेटरला सांगते, "दादा, माझं बिल वेगळं." पहिल्यांदा सगळ्यांनी मान वळवून बघितलं. आता आणखी दोघं तसंच सांगतात.

शेवटची कर्जत

मी थोडी उलटी बाजू मांडते. मी डोंबिवलीची, नोकरी बीकेसीत. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, मी एकटी जाऊन दोन ग्लास वाइन घेते. बिल दोन हजारांच्या घरात जातं. मैत्रिणी म्हणतात वेडी आहेस, त्यात चांगली बाटली घरी येईल. येईल ना. पण घर वन बीएचके, सासूबाई हॉलमध्ये, मुलगा बेडरूममध्ये अभ्यासाला. ती बाटली उघडू कुठे?

"साध्या परमिट रूममध्ये जा, निम्म्यात काम होतं," असं सांगणारे सगळे पुरुष असतात. एकदा गेले होते, ऑफिसच्या दोघांबरोबर. आम्ही आत शिरलो आणि टीव्हीवरची क्रिकेटची मॅच सोडून सगळी डोकी माझ्याकडे. वेटर बिचारा भला होता, "मॅडम, वर फॅमिली रूम आहे" म्हणाला. वर पडदे लावलेलं खुराडं. बाथरूम एकच, कडी नाही. माझा एक सहकारी बाहेर पहारा देत उभा राहिला. त्या दिवशी माझं बिल तीनशे चाळीस झालं होतं आणि ते मला महाग पडलं.

मी जिथे जाते तिथे बाथरूमला कडी आहे, उजेड आहे, कोणी "एकट्याच?" विचारत नाही. निघताना दारावरचे दादा गाडीचा नंबर लिहून घेतात. मी दारूचे पाचशे आणि या सगळ्याचे पंधराशे देते असं समजते. राग येतो तो पंधराशेचा नाही, ते फक्त मलाच द्यावे लागतात याचा.

आणि हो, बुधवारच्या 'लेडीज नाइट'ला फुकट मिळतं ते कोण पितं? खोकल्याच्या औषधासारखी गोड व्होडका असते. आपण तिथे गिऱ्हाईक नसतोच, पोरांना आत खेचायचं आमिष असतो.

ठाकूरद्वार नाका

वय ८१. तुमचे आकडे वाचून करमणूक होतेय. आमच्या उमेदीत मुंबईत दारूबंदी होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तो अजून आहे बरं का, म्हणून तर तुमच्या बारला 'परमिट रूम' म्हणतात. प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना, आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. तुमच्यापैकी कितीजणांकडे आहे, हात वर करा!

आम्ही आंटीकडे, म्हणजे घरात चोरून दारू विकणाऱ्या बाईकडे जायचो. मागच्या गल्लीतून शिरायचं, खिडकीला काळा कागद, खाटेवर आंटीचा नवरा झोपलेला, खाटेखाली माल. नवटाक किंवा पावशेर मागायचं. जोडीला उकडलेलं अंडं, मीठ-मिरपूड. चव विचारू नका. नाक दाबून घशाखाली ढकलायची आणि लगेच बाहेर, कारण पुढचा गिऱ्हाईक जिन्यात उभा असे. बसायला जागा नव्हती, म्हणूनच स्वस्त असेल.

पंच्याहत्तरीला मुलाने ताजच्या हार्बर बारमध्ये नेलं. १९३३ पासूनचा, मुंबईतला पहिला परवानाधारक बार, असं त्याने सांगितलं. मी एक बिअर दीड तास पुरवली. खिडकीतून गेटवे, होड्या. कोणी रिपीट विचारायला आलं नाही. बिल मुलाने मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

मालवणी गेट

आजोबा, राग मानू नका, पण खाटेखालच्या मालाचं कौतुक जपून करा. मी मालाडला राहतो. जून २०१५ मध्ये इथे मालवणीत मिथेनॉल मिसळलेली गावठी पिऊन शंभरावर माणसं गेली. आमच्या रिक्षा स्टँडवरचे दोघं होते त्यात. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाले आणि सकाळी नाहीत. ज्यांना परमिट रूमचा पेगही परवडत नव्हता ती माणसं होती ती. बाकी चालू द्या.

साचेवाला जूनियर

लोअर परळ म्हटल्यावर राहवलं नाही. आमचे बाबा तिथल्याच कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते खात्यात परत गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांना त्याच आवारातल्या एका बारमध्ये नेलं. मला वाटलं गहिवरतील. कसलं काय! त्यांनी क्वार्टर मागितली. वेटर म्हणाला, आम्ही पेगने देतो. मग मेनूवरचा आकडा वाचला आणि मला विचारलं, "हा पगार आहे की भाव?" भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. त्या बघून म्हणाले, "एवढे पैसे घेतात, गिलावा तरी करायचा."

बाथरूमला जाताना ग्लासावर बशी झाकून गेले, न जाणो वेटरने उचलला तर.

चिमटा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, आजोबांचे विशेष. आयडी बदललाय, विरारकराच्या आग्रहावरून.

तुमचं वाचून आम्ही काल शहाणपणा केला. त्याच तिघांनी दादरच्या जुन्या परमिट रूममध्ये जायचं ठरवलं. खाली साधा हॉल, माडीवर एसी, आणि वर चढलं की त्याच पेगला थोडे जास्त पैसे, हे मेनूवरच छापलेलं. खाली जागा नव्हती, वीस मिनिटं फुटपाथवर उभे राहिलो. मग वर गेलो. खारे चणे आणि काकडी न मागता आली, दोनदा आली. सर्व्हिस चार्ज नाही. तिघांचं मिळून २,१४०, आणि वेटरला खुशीने दिलेले शंभर वेगळे. टीव्हीचा आवाज इतका होता की ठाणेकर काय बोलत होता ते निम्मं कळलं नाही. त्याने फारसं बिघडलं नाही.

पुढचं भेटणं दिवाळीनंतर. या वेळी बायकांनाही आणायचं ठरलंय. 'शेवटची कर्जत' यांचा अनुभव घरी मोठ्याने वाचून दाखवला. बायकोने विचारलं, "तुमच्या त्या माडीवर कडी आहे का?" मी काल बघितलीच नव्हती. विरारकराला फोन केला, त्यानेही नाही. ठाणेकर म्हणाला, लोअर परळला सहाजणांचं टेबल आत्ताच सांगून ठेवतो.