संक्रांतीचं वाण थेट कारागिराकडून, योग्य भावात घ्यायचंय. कॉलनीत बायकांना कसं पटवू?

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी, मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते, आमचं महिला मंडळ आहे, साठेक जणी असू. मागच्या संक्रांतीनंतर मी घरात आलेली सगळी वाणं एका टोपलीत काढली तर प्लास्टिकच्या सात डब्या, चार चाळण्या, तीन सोलाणी आणि एक झाकण नसलेली बरणी निघाली, त्यातलं आज एकही वापरात नाही. आणि त्याच आठवड्यात आम्ही चौघी सुगडं आणायला गेलो होतो तर आमच्यातल्या एकीनं घासाघीस करून पाच सुगडांमागे दहा रुपये कमी करून घेतले. कुंभारबाबा सुगडं कागदात गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाले, "बहनजी, अब तो माटी भी मोल की आती है." तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये ते. डब्यांवर छापलेली किंमत आम्ही निमूटपणे दिली आणि हातानं घडवणाऱ्या माणसाशी दहा रुपयांवरून वाद घातला.

मुलगी म्हणाली आई याला फेअर ट्रेड म्हणतात, करणाऱ्याला त्याच्या कामाचा नीट मोबदला मिळेल असं बघून खरेदी करायची. मी मंडळात विषय काढला तर दोन उत्तरं मिळाली, एक म्हणजे महाग पडतं, आणि दुसरं, पैसे खरंच कारागिरापर्यंत जातात हे कोण बघायला गेलंय. दोन्हीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे हातमागाच्या साड्यांचं महेश्वर आहे, ठशांनी छापलेल्या कापडाचं बाग गाव आहे, एवढं जवळ असून आपण काहीच करू नये का? कोणी असं काही आपल्या कॉलनीत केलं असेल तर सांगा, अगदी बारीकसारीक सांगा.

काठपदर

ताई, सुगडांचं वाचून पोटात कालवलं. माझं माहेर इंदूरचं, आता बरीच वर्षं महेश्वरला विणकरांबरोबर काम करते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी सांगू शकते.

"महाग" म्हणजे काय ते एकदा मागाजवळ बसून बघावं. साधी महेश्वरी असेल तर तीन-चार दिवस, काठ-पदर भरलेला असेल तर आठवडा-दहा दिवस जातात. माणूस मागावर बसलेला आपल्याला दिसतो, पण त्याच्या मागे ओसरीत त्याची बायको किंवा आई चरख्यावर कांड्या भरत असते. बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत त्या कांडीवर असतं, ती संपली की दुसरी तयार पाहिजे, नाहीतर माग थांबतो. मजुरी ठरते साडीवर, म्हणजे विणणाऱ्याला मिळते, कांड्या भरणारीचा वेगळा हिशोब फार कमी ठिकाणी होतो. एका साडीच्या पैशात दोन-तीन माणसांचं काम निघतं, हे गिऱ्हाइकाला माहीतच नसतं.

दुसरं म्हणजे उचल. बऱ्याच विणकरांना सूत व्यापारी देतो, वर अडीअडचणीला पैसेही देतो, मग ती उचल मजुरीतून कापत राहतो, आणि अशा वेळी विणकर भाव मागू शकत नाही. म्हणून मला विचाराल तर दहा-वीस रुपये जास्त देण्यापेक्षा मोठी मदत म्हणजे ऑर्डर लवकर द्या आणि निम्मे पैसे आधी द्या. वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन या जागतिक संघटनेची जी दहा तत्त्वं आहेत त्यातही हे स्पष्ट लिहिलंय, हस्तकलेच्या मालाला कारागिरानं मागितले तर निदान ५० टक्के पैसे आगाऊ आणि त्यावर व्याज नाही. आगाऊ पैसे हातात असले की तो सूत स्वतः घेतो, आणि सूत स्वतःचं असलं की भावही स्वतः सांगतो.

आणि "कोण बघायला गेलंय" म्हणणाऱ्यांना घेऊनच या ना इकडे. इंदूरहून ९०-९५ किलोमीटर आहे, सकाळी पोहे खाऊन निघालात तर संध्याकाळी घरी. विणकरांसाठी असलेल्या रेहवा सोसायटीचं काम किल्ल्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे, तिथे बायका मागावर बसलेल्या दिसतील. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून इथे वसवले, त्या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, मग तिथलं कापड घेताना आपला हात का आखडतो?

मल्हारगंज

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नये. मी पेन्शनवर आहे. बायकोला हौसेनं हातमागाची म्हणून साडी घेतली, दुकानदारानं शपथेवर सांगितलं, भाव पण हातमागाचाच लावला. नंतर घरी एक ओळखीचे जाणकार आले होते त्यांनी हात लावताच सांगितलं की पॉवरलूमची आहे. म्हणजे माझे पैसेही गेले आणि विणकराला एक रुपया मिळाला नाही. तेव्हा आमच्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवायचा ते आधी सांगा. आणि ज्याच्या घरात महिन्याचा किराणाच ओढून ताणून बसतो त्याला तुम्ही महाग घे म्हणून कसं सांगणार?

अजून एक. महेश्वर-बाग ठीक आहे, पण दारावर ठेला घेऊन येणारा भाजीवाला, चपला शिवणारा, झाडू विकणारी बाई, यांच्याशी जो घासाघीस करतो त्यानं साडी फेअर ट्रेडची घेतली तरी काय उपयोग? सुरुवात ओट्यावरून करा असं माझं म्हणणं आहे.

काठपदर

काका, तुम्ही ठेल्याचं बोललात ते शंभर टक्के बरोबर, आणि फसवणुकीचंही. कापड ओळखायला सोपं नाही पण काही गोष्टी बघता येतात. हातमागाच्या मालावर हँडलूम मार्कचं लेबल मिळतं, ही सरकारी योजना २००६ पासून आहे, रेशमाला सिल्क मार्क आहे. लेबल नसलं म्हणजे माल खोटा असं नाही, लहान विणकराकडे नसतंही, पण दुकानदार हातमागाचा भाव लावत असेल तर लेबल मागायचा आपल्याला हक्क आहे. महेश्वरीचा काठ उलटून बघा, पारंपरिक बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. आणि बिलावर "हातमाग" असं लिहून मागा. लिहायला कां-कूं करू लागला तर समजून जा.

चित्तपावन_परदेशी

मी लहानाची मोठी इंदूरला झाले, रामबागेत, आता इंग्लंडमध्ये असते, इकडचं एक उदाहरण देते कारण ताईंचा प्रश्न कॉलनीचा आहे. लँकेशायरमध्ये गार्स्टँग नावाचं छोटं गाव आहे. २००० साली एप्रिलमध्ये त्या गावानं सभा घेऊन जाहीर केलं की आम्ही फेअरट्रेड गाव, जगातलं पहिलं. पुढाकार एका जनावरांच्या डॉक्टरचा. कॉफी आणि चॉकलेट लांबच्या देशातून येतं हे खरं, पण गावात दूध-दुभत्याचे शेतकरी होते, त्यांनाही दुधाला भाव मिळत नव्हता, म्हणून यांनी दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या, घानाच्या कोको शेतकऱ्याला भाव मिळाला पाहिजे आणि आपल्या गावच्या शेतकऱ्यालाही. एकेका घराला पटवत बसण्याआधी त्यांनी चर्च, शाळा आणि दुकानदार धरले, म्हणजे जिथे चहा-कॉफी एकगठ्ठा लागते अशा जागा. मला वाटतं मल्हारगंजच्या काकांचं आणि महेश्वरच्या ताईंचं म्हणणं असंच जोडता येईल.

शिक्का असलेल्या मालाचं थोडक्यात सांगते. फेअरट्रेडचा शिक्का असेल तर बऱ्याच पिकांना किमान भाव ठरलेला असतो, बाजार पडला तरी त्याखाली जात नाही, आणि वर प्रीमियम म्हणून वेगळी रक्कम येते, ती शेतकऱ्यांची किंवा मजुरांची संघटना स्वतः ठरवून शाळा, विहीर, यंत्र अशा कशावर तरी खर्च करते. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीपासून हे लेबल सुरू झालं. आपल्याकडे कारागिरांच्या मालावर असा शिक्का सहसा दिसणार नाही, म्हणून हरकत नाही, विचारायचं कोणी केलं, किती दिवस लागले, पैसे कधी मिळाले. मी इकडे राहून हेच शिकले, विचारायला लाजायचं नाही.

वाणवाली_सुदामानगर

अगं महागाचं उत्तर माझ्याकडे आहे कारण आम्ही हे दोन वर्षं केलंय!! आमच्या गल्लीत चार घरी हळदीकुंकू व्हायचं आणि चारही ठिकाणी जवळजवळ त्याच साठ बायका. प्रत्येकीचं वाण चाळीसच्या आसपास, म्हणजे एकीचे २४०० आणि चौघींचे ९६०० रुपये, आणि घरोघरी चार-चार चाळण्या. आम्ही चौघींनी एकत्र एकच हळदीकुंकू केलं, एकाच गच्चीवर, आणि त्याच ९६०० मध्ये प्रत्येकीला १६० चं एकच वाण दिलं. कोणाचाही खर्च एक रुपयानं वाढला नाही. पहिल्या वर्षी हातमागाचा नॅपकिन, दुसऱ्या वर्षी बाग प्रिंटची पिशवी, ती अजून बायका भाजीला नेतात, ठेल्यावर दिसते तेव्हा इतकं बरं वाटतं.

एकच चूक केली होती, पहिल्या वर्षी डिसेंबरात ऑर्डर द्यायला गेलो. तेव्हा लग्नसराईचं काम होतं, ते लोक रात्री जागून करायला तयार झाले, आणि मग लक्षात आलं की आपल्या चांगल्या हेतूपायीच त्यांची झोप जातेय. दुसऱ्या वर्षी दसऱ्याआधी दिली. बागचं काम पावसाळ्यात जवळजवळ बंद असतं कारण छापलेलं कापड वाळायला ऊन लागतं, त्यामुळे नवरात्रात त्यांना काम आणि पैसा दोन्ही हवं असतं. निम्मे आधी दिले, निम्मे पिशव्या हातात आल्या त्याच दिवशी, उधारी अजिबात नाही.

आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घातली होती, कापड कोणी छापलं, पिशवी कोणी शिवली, त्यांना विचारून नावं लिहिली. बायका उखाण्यांपेक्षा त्या चिठ्ठ्यांवर जास्त बोलत होत्या.

मल्हारगंज

हे गणित मला पटलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते आपल्या गल्लीत तीन घरं आहेत, तिघींना विचारते.

राजेंद्रनगर_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यांत पाणी आलं वाचताना. आज संध्याकाळी मंडळात तुमची उत्तरं मोठ्यानं वाचली. पाच जणी एकत्र हळदीकुंकवाला तयार झाल्या, ज्या वहिनींनी सुगडांचे पैसे कमी केले होते त्या सगळ्यात आधी. त्याच म्हणाल्या की यंदा सुगडं त्याच बाबांकडून घेऊ, साठ जोड्यांची ऑर्डर आत्ताच सांगू, निम्मे पैसे उद्याच नेऊन देऊ आणि भाव ते सांगतील तो. मल्हारगंजचे काका म्हणतात तशी सुरुवात ओट्यावरून झाली म्हणायची.

पुढच्या रविवारी आम्ही सात जणी महेश्वरला येतोय, काठपदर ताई तुम्हाला वेगळा मेसेज करते. आणि सुदामानगरच्या ताई, पिशवीचा रंग कोणता सांगू? संक्रांत आहे तर काळाच घ्यावा असं निम्म्या जणींचं म्हणणं आहे, बागच्या कापडात काळा खुलतोही छान, पण निम्म्या लालवर अडून बसल्यात.