प्रतिसाद: निवाऱ्याला रंगाआधी छप्पर

मुलांच्या निवाऱ्याला मे महिन्यात श्रमदानातून ऑइलपेंट लावायचा बेत वर मांडलाय. दादांनो, आधी छप्पर बघा. कौलं फुटली नसतानाही गळतं, कारण वाळवीने रीप (कौलांखालची लाकडी पट्टी) खाल्ली की ती वाकते आणि कौलाची खाच सुटते. म्हणून कौलं घेण्याआधी प्रत्येक रीप स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर बदला. कौलं आढ्याकडून उतरवायची, बसवताना वळचणीकडून वर. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसेलच असं नाही. मोडलेल्या घरांतून त्याच शिक्क्याची, म्हणजे त्याच कारखान्याची, मिळवा. पोरांना छपरावर चढवू नका, खालून कौलं पोचवायचं काम द्या. खाऱ्या हवेत साधे खिळे गंजतात, स्टेनलेसचे वापरा, महाग असले तरी.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर ऑइलपेंट नकोच. ओल आत अडकते आणि पावसात पापुद्रे सुटतात. लोणा (भिंतीवर फुटलेलं पांढरं मीठ) कोरड्या ब्रशने झाडा (पाणी मारलंत तर मीठ परत आत मुरतं), मग चुन्याचे तीन पातळ हात द्या. कुठे सिमेंट लागलंच तर ते कालवायला खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी घेऊ नका. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, चष्मे आणि हातमोजे आधीच आणून ठेवा.