मदत हवी आहे: मध्ययुगीन युरोपात प्रायश्चित्ताचे दिवस मोजण्यामागे विचार काय होता?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात सध्या मध्ययुगीन युरोप चालू आहे आणि पुढच्या बैठकीत पाप आणि प्रायश्चित्त हा विषय मला मांडायचा आहे. वाचन बऱ्यापैकी झालंय, पण एका जागी गाडं अडलंय. इथे चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक आहेत, वसई-गोव्याकडचे कॅथलिक वाचकही आहेत, म्हणून धागा काढते आहे.

अडलंय ते हेस्टिंग्जपाशी. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडच्या हॅरल्ड राजाला तिथे हरवलं. विल्यमचा चरित्रकार सांगतो की पोप दुसऱ्या अलेक्झांडरने त्याला आपलं निशाण पाठवलं होतं. म्हणजे विल्यमच्या बाजूने बघितलं तर ही धर्माला मान्य असलेली लढाई. तरीही पुढच्या काही वर्षांतच नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैन्याला प्रायश्चित्त लावलं आणि पोपचे प्रतिनिधी, सिऑनचे बिशप एर्मेनफ्रिड यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्यातली कलमं अशी: आपल्या हातून माणूस मेला हे ज्याला ठाऊक आहे, त्याने प्रत्येक मृतामागे एक वर्ष प्रायश्चित्त करायचं. जखमी केलं, पण तो मेला की जगला ते माहीत नाही, तर प्रत्येकामागे चाळीस दिवस. किती जणांवर वार केले तेच आठवत नसेल, तर उरलेलं आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्यायचं किंवा चर्चला कायमचं दान लावून द्यायचं. कुणावर हत्यार चालवलं नाही, पण चालवायची इच्छा मनात होती, त्याला तीन दिवस. धनुर्धारी तर लांबून बाण सोडणार, कुणाला लागला हे त्यांना कळणार कसं? त्यांना सरसकट तीन उपवासकाळ.

धनुर्धाऱ्यांचं ते कलम काही डोक्यातून जात नाही. जिंकून आलेल्या, जमिनी मिळालेल्या सैनिकाला कुणीतरी समोर बसवून विचारतंय, 'तुझ्या हातून किती मेले?' मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण लगेच दुसरा विचार येतो, की एका जिवाला एक वर्ष हा हिशेब आला कुठून? दिवस भरले की पाप फिटलं, इतकं हे सरळ होतं का? पश्चात्ताप कुठे बसतो यात?

शिवाय वर्षभर प्रायश्चित्त म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय? शेतावर राबणाऱ्या माणसाला ते झेपायचं का? आणि दान देऊन सुटायची सोय असेल तर गरिबाने काय करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद: जुनी वही

चांगला विषय. हिशेबापासून सुरुवात करतो, कारण त्याचं मूळ नॉर्मंडीत नाही, आयर्लंडमध्ये आहे.

चर्चच्या पहिल्या काही शतकांत मोठ्या पापाचं प्रायश्चित्त चारचौघांसमोर असायचं, आणि तेही जन्मात एकदाच. पश्चात्ताप करणाऱ्यांचा वेगळा गट असे. ते प्रभुभोजनापासून दूर राहत आणि बिशप त्यांना पुन्हा मंडळीत घेई. दुसरी संधी नाही म्हटल्यावर लोक ते म्हातारपणावर, अगदी मरणाच्या दारापर्यंत ढकलत. स्पेनमध्ये काही लोक पुनःपुन्हा प्रायश्चित्त मागू लागले, तेव्हा ५८९ च्या तोलेदोच्या धर्मसभेने त्याला सक्त मनाई केली.

आयरिश मठांनी मात्र नेमकी तीच वाट धरली. पाप एकट्याने, एका धर्मगुरूपाशी बोलायचं, आणि पुन्हा पाय घसरला तर पुन्हा यायचं. फिनियन, कमीन आणि कोलंबानस यांनी धर्मगुरूंसाठी प्रायश्चित्ताच्या पुस्तिका रचल्या. कोलंबानस ५९० च्या सुमारास आपल्या सोबत्यांसह आजच्या फ्रान्समध्ये उतरला आणि ही पद्धत युरोपात शिरली. या पुस्तिकांचा विचार वैद्यकाचा आहे: उलट गोष्टीने उलट दोष बरा करायचा. खादाडाला उपास, आळशाला जास्तीचं काम, बडबड्याला मौन. दिवसांचे आकडे म्हणजे मात्रा, आणि ती रोगी बघून कमीजास्त करायची.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. खून केलेल्या धर्मसेवकाला कोलंबानसने दहा वर्षं देशाबाहेर काढलंय. पण ती दहा वर्षं भरली की सुटका नाही. परत आल्यावर त्याने मेलेल्याच्या आईवडिलांकडे जायचं, त्यांचा मुलगा होऊन राहायचं आणि तुम्ही सांगाल ते करीन म्हणायचं. सामान्य माणसाच्या हातून खून झाला तर तीन वर्षं हत्याराविना परदेशी, भाकरी-पाण्यावर. तोही परतल्यावर मृताच्या नातेवाइकांची भरपाई आणि सेवा करणार. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरात मुलाची कामं करायला खुनी उभा! माझ्या मते आकडा हा या शिक्षेतला सगळ्यात सोपा भाग होता.

प्रतिसाद: वसईकर

ताई, व्यवहाराचं थोडं मी लिहितो. भाकरी-पाणी रोज असायचंच असं नाही. पुष्कळदा आठवड्यातले ठरावीक वार आणि वर्षातले तीन उपवासकाळ पाळायचे: ईस्टरपूर्वीचा, नाताळापूर्वीचा आणि पेन्टेकॉस्टनंतरचा (पेन्टेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा सण). एरवी मांस, दारू आणि शरीरसंबंध वर्ज्य, जड पापाला हत्यार बाळगायलाही बंदी. तुमच्या धनुर्धाऱ्यांचे तीन उपवासकाळ म्हणजे चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे. शेतावर राबणाऱ्याला हे जड जाणारच, म्हणून उपासाऐवजी स्तोत्रं म्हणणं, गुडघे टेकून प्रार्थना करणं, दानधर्म करणं अशा बदली सवलती निघाल्या.

गरिबाची गोची तिथेच झाली. इंग्लंडच्या एडगर राजाच्या नावाशी जोडलेली दहाव्या शतकातली एक नियमावली आहे. सात वर्षांचा उपास बड्या माणसाने तीन दिवसांत कसा उरकावा हे त्यात दिलंय! आधी १२ माणसांनी तीन दिवस भाकरी, पाणी आणि पाल्यावर राहायचं, मग १२० च्या सातपट माणसांनी तसेच तीन दिवस. गुणाकार करून बघा: ८५२ माणसं गुणिले तीन, २,५५६ दिवस. सात वर्षांचे बरोबर तेवढे भरतात. आणि खाली लिहिलंय की ही सोय पैसा आणि मित्र असलेल्यांना. ज्याच्यापाशी ते नाही त्याने आपलं आपणच करावं.

हे वाचून मला आजही संताप येतो. पण चर्चमधूनच याला विरोध झाला हेही तुमच्या बैठकीत सांगा. ७४७ मध्ये इंग्लंडमधल्या क्लोव्हेशोच्या धर्मसभेने दुसऱ्याकडून उपास आणि स्तोत्रं करवून घेणं चुकीचं ठरवलं होतं. ८२९ मध्ये पॅरिसच्या धर्मसभेने तर बिशपांना सांगितलं की या पुस्तिका हुडकून जाळून टाका. पुस्तिका काही संपल्या नाहीत. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला वोर्म्सच्या बुर्खार्ड बिशपाने आपल्या मोठ्या ग्रंथाचा एक अख्खा भाग यालाच दिला.

प्रतिसाद: शाईपेन

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. पश्चात्ताप कुठे, या प्रश्नावर थोडी भर घालते.

बाराव्या शतकात पारडं आत, मनाकडे झुकलं. पॅरिसच्या अबेलार्ड या तत्त्वज्ञाने मांडलं की पाप ठरतं ते मनाच्या संमतीने. खरं दुःख झालं की देवाशी समेट तिथेच होतो. धर्मशास्त्री पीटर लोम्बार्डने मग तीन पायऱ्या सांगितल्या: मनाचा पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि कृतीने भरपाई.

१२१५ मध्ये चौथ्या लॅटरन धर्मसभेने जाणत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी कबुली देणं सक्तीचं केलं. न देणाऱ्याला जिवंतपणी चर्चचं दार बंद आणि मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. त्याच नियमात धर्मगुरूलाही बांधलंय: ऐकलेलं बाहेर फोडलं तर पद जाईल आणि कडक मठात जन्मभर प्रायश्चित्त करावं लागेल.

एक लक्षात ठेवा, कबुलीसाठीची पडद्याची लाकडी पेटी तेव्हा नव्हती. ती सोळाव्या शतकात मिलानच्या कार्लो बोरोमेओने रूढ केली. त्याआधी धर्मगुरू चर्चमध्येच उघड्यावर बसायचा. ईस्टरच्या आधी बाकीचं गाव मागे पाळीसाठी थांबलेलं आणि पुढे गुडघ्यावर बसलेली बाई दबक्या आवाजात बोलतेय, असं डोळ्यांपुढे आणा.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. मृताच्या घरी मुलगा होऊन राहण्याचा नियम मला अजिबात माहीत नव्हता.

आता शेवटचा प्रश्न. १०६६ च्या सैनिकाला लढल्याबद्दल प्रायश्चित्त करावं लागलं. आणि १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप दुसरा अर्बन म्हणतो की जेरुसलेमच्या मोहिमेवर, म्हणजे पहिल्या धर्मयुद्धावर, जाणं हेच प्रायश्चित्त. मधे जेमतेम तीस वर्षं. इतकी उलथापालथ झाली कशी?

प्रतिसाद: जुनी वही

दोन्हींचे शब्द शेजारी ठेवून वाचा. क्लेरमाँच्या ठरावात अट आहे: मान किंवा पैसा मिळवायला नव्हे, केवळ भक्तीने जो निघेल, त्यालाच हा प्रवास सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल. आणि हेस्टिंग्जच्या नियमावलीत तुम्ही न दिलेलं एक कलम आहे: जो निव्वळ लाभासाठी लढला, त्याला साध्या खुनाइतकंच प्रायश्चित्त. म्हणजे 'कशासाठी मारलंस?' हा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

फरक पडला तो मधल्या काळात पोप सातव्या ग्रेगरीमुळे. राजांशी झगडताना त्याने संत पीटरसाठी, म्हणजे रोमच्या चर्चसाठी, हत्यार उचलणं ही धर्मसेवाच आहे असं बजावायला सुरुवात केली. जेरुसलेमची यात्रा तर प्रायश्चित्त म्हणून आधीपासून दिली जातच होती. अर्बनने यात्रेकरूच्या हातात तलवार दिली. हेस्टिंग्जच्या धनुर्धाऱ्याला निदान आपला बाण कुणाला लागला असेल याचा विचार करत उपास धरावा लागला. तो विचार करायला लावणारं कलम क्लेरमाँच्या त्या ठरावात नाही. बैठकीत मी असतो तर चर्चा इथूनच सुरू केली असती.

धागाकर्ती:

पटलं. दोन्ही कलमं मराठीत उतरवून, छापून सगळ्यांच्या हातात देते आणि आधी वाचून घेते. बैठकीत काय बोलणं झालं ते इथेच लिहीन. क्लोव्हेशोच्या ठरावाबद्दल कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर टाका, तो भाग मला अजून नीट वाचायचा आहे.